न बोलणारा तोतया

“एकशे बारापैकी एकशे बारा,” मनवाने लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. “सगळ्या चाचण्या पास, आई. आता तरी पोहे खायला बसा.”

पडद्यावर हिरव्या खुणांची लांबच लांब रांग होती. मी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत पाहिली. चौतीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ज्या वर्गात एकही मूल नापास होत नाही, त्या वर्गाच्या गुरुजींकडे मी नेहमी जरा अधिक वेळ पाहत असे.

“परीक्षा कोणी घेतली?” मी विचारले.

“मीच.”

“प्रश्न कोणी काढले?”

“मीच.”

“आणि उत्तरे?”

“झाली तुमची शाळा सुरू,” मनवा हसली आणि तिने माझ्यापुढे ताटली सरकवली.

नगरजवळ, केडगावच्या आमच्या घरात जेवणाचे टेबल हेच माझ्या सुनेचे कार्यालय. आठवड्यातले तीन दिवस ती सावेडीला तिच्या कंपनीत जाई, उरलेले दिवस इथे बसून काम करी. लग्नाला तीन वर्षे झाली तरी ती नेमके काय करते हे मला नीटसे उमगले नव्हते, आणि एखादी गोष्ट आपल्याला उमगत नाही हे सोसण्याची मला सवय नाही. त्यातून त्या दिवशीचे काम केवळ तिचे नव्हते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता माझा मुलगा शौनक तिच्या कामावर विसंबून एका टाकीत उतरणार होता.

काष्टीच्या पुढे, माळावर, साखर कारखान्यांच्या मळीपासून गॅस तयार करण्याचा एक खासगी प्रकल्प आहे. शौनक तिथे टाक्यांचा प्रमुख. त्या बंद टाक्यांच्या तळाशी वर्षभरात गाळ साचतो आणि ऊसतोडीला जाण्यापूर्वी पाथर्डीकडची एक टोळी येऊन तो उपसते. उतरण्यापूर्वी आत विषारी वायू उरलेला नाही ना, हे पाहावे लागते. पूर्वी हातात धरायचे मीटर असे. या वर्षी शौनकनेच मनवाच्या कंपनीकडून नवी व्यवस्था बसवून घेतली होती. टाकीच्या आत एक सेन्सर आणि झाकणापाशी एक दिवा. दिवा हिरवा असेल तर उतरायचे, लाल असेल तर नाही. मीटर कपाटात गेले.

सकाळी निघताना तो बूट चढवता चढवता म्हणाला होता, “पहिला मीच उतरणार, आई. बायकोने लावलेला दिवा आहे. मीच उतरलो नाही, तर टोळीतली माणसं कशाला उतरतील?” मला त्याचा अभिमान वाटला होता. ते लपवण्याचे आता काही कारण नाही.

“सेन्सर आहे काष्टीला आणि तू आहेस इथे,” मी पोह्यांवर लिंबू पिळत म्हटले. “मग एकशे बारा वेळा परीक्षा झाली कशी? इथे काय गॅस भरलास?”

“गॅस भरला असता तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं.” मनवाने खुर्ची माझ्याजवळ ओढली. तिला शिकवता येते, हे मला मान्य केले पाहिजे. “हे बघा, आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं असतं. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. एक जण सेन्सरला विचारून आकडा आणतो. दुसरा त्या आकड्यावरून निर्णय घेतो. तिसरा दिवा लावतो. मला तपासायचा असतो तो निर्णय घेणारा. तो शहाण्यासारखा वागतो का, एवढंच. मग आकडा आणणाऱ्याच्या जागी मी एक खोटा उभा करते. त्याला पढवते, ‘तू पाच म्हण.’ तो पाच म्हणतो. मग दिवा हिरवा लागला पाहिजे. मग पढवते, ‘तू चाळीस म्हण.’ दिवा लाल लागला पाहिजे. निर्णय घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही की समोर खरा सेन्सर नाही.”

“त्या खोट्याला काही नाव?”

“मॉक.”

“तोतया म्हण की. सरळ शब्द आहे.”

“तोतया!” तिला तो शब्द फार आवडला. “चालेल. माझे अकरा तोतये आहेत. एक नेहमी पाच म्हणतो, एक चाळीस, एक आधी पाच आणि मग एकदम चाळीस. सगळे गुणी आहेत. विचारलं की लगेच उत्तर देतात.”

यावर मला काष्टीच्या शाळेतली ती तपासणी आठवली आणि मी ती तिला सांगितली. निव्वळ गंमत म्हणून सांगितली. माझ्या मनात दुसरे काही नव्हते. पुढे लोकांनी माझ्या शहाणपणाचे कौतुक केले, पण ते कौतुक माझे नाही.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षीची गोष्ट. तपासणीला येणाऱ्या साहेबांना गावात अजून दिपोटी म्हणत. ते यायच्या आठ दिवस आधी मी आमच्या नारायण गुरुजींना कोट घालून खुर्चीवर बसवले आणि चौथीच्या मुलांसमोर साहेब केले. प्रश्न माझे, क्रमही माझा. जिल्हा कोणता, नदी कोणती, नऊ साते किती, पाऊस कोठून येतो. आठ दिवसांत मुले इतकी तयार झाली की नारायण गुरुजींचे तोंड उघडण्याआधी उत्तर बाहेर पडे.

“आणि खरे साहेब आले,” मी म्हणाले, “ते येऊन खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसत राहिले. काही विचारीनातच. एक मिनिट गेले, दोन गेली. वर्गात चिडीचूप. आणि एकदम पहिल्या रांगेतला मुलगा उभा राहून ओरडला, ‘अहमदनगर!’ त्याच्या मागचा ओरडला, ‘सीना!’ तिसरा, ‘त्रेसष्ट!’ क्रमाने सगळ्या वर्गाने उत्तरे देऊन टाकली, आणि साहेबांनी एकही प्रश्न विचारलेला नव्हता!”

मी हसले. मनवा हसली नाही.

माझ्या या गोष्टीवर आजवर न हसलेला माणूस मी पाहिलेला नाही. मला थोडा रागही आला. पण तिच्याकडे पाहिले तेव्हा तिच्या ओठांवरचा रंग उतरत होता.

“काय झाले?”

“माझा एकही तोतया गप्प बसत नाही,” ती म्हणाली.

तिने लॅपटॉप ओढून घेतला. तिची बोटे कळांवर इतकी वेगाने पडत होती की मधल्या दोन ओळी चुकल्या, तिने पुसल्या आणि पुन्हा लिहिल्या. मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले. ती काय करते हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. बाराव्या तोतयाला ती पढवत होती, की तू काहीच म्हणू नकोस.

तिने चाचणी चालवली. पडद्यावर एक ओळ उमटली. मला इंग्रजी येते, ती मी वाचली. वायू शून्य. सुरक्षित. दिवा हिरवा.

“उत्तर आलं नाही की ती जागा रिकामी राहते,” मनवा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. “आणि रिकाम्या जागेला माझा प्रोग्रॅम शून्य समजतो. शून्य म्हणजे स्वच्छ हवा.”

“पण खरा सेन्सर गप्प कशाला बसेल? बसवला तेव्हा बोलत होता ना?”

तिने मोबाईल उचलला आणि शौनकचा आदल्या दिवशीचा निरोप माझ्यापुढे धरला. दुपारी सव्वातीनचा, फाटकाबाहेर येऊन पाठवलेला. ‘आज टाकी आतून पाण्याच्या माऱ्याने धुतली. तेव्हापासून रीडिंग शून्य! तुझा दिवा एकदम हिरवागार.’ खाली मनवाने टाळ्यांचे चित्र पाठवले होते.

“त्या टाकीत शून्य कधीच येत नाही, आई. धुतली तरी दोन, तीन असतंच. पाणी वायरच्या सांध्यात गेलं असणार.” ती उभी राहिली आणि तिने टेबलाची कड धरली. “तो काल दुपारपासून बोलतच नाहीये.”

भिंतीवरच्या घड्याळात दहाला सतरा मिनिटे होती.

शौनकचा मोबाईल वाजला, वाजत राहिला, बंद पडला. तिने पुन्हा लावला. मला ठाऊक होते की तो उचलणार नाही. ठिणगीच्या भीतीने प्रकल्पात फाटकाच्या आत मोबाईल नेता येत नाही; सगळ्यांचे मोबाईल कपाटात कुलूपबंद असतात. कचेरीचा फोनही कोणी उचलेना. उतरण्यापूर्वीच्या पूजेला सगळे टाकीपाशी गेले असणार. मग मला गहिनीनाथ आठवला. तो फाटकावर पहारेकरी आहे आणि फाटकावरच्या माणसाजवळ मोबाईल असतो. माझ्या वहीत त्याचा क्रमांक होता, कारण तो माझा विद्यार्थी आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांचे पत्ते मी ठेवते.

“हालो, गेटवरनं बोलतोय.”

“गहिनीनाथ, मी नीलांबरीबाई.”

“बाई! नमस्कार बाई! सायबांचा डबा ऱ्हायला का काय?”

“शौनक कुठे आहे?”

“सायेब टाकीवर हायेत. नारळ फुटला, पेढं वाटलं. आता उतरायचं चाललंय. आज लई थाट हाय बाई, सायबांनी नवा टोप घातलाय—”

“त्याला थांबव.”

“आं?”

“टाकीत उतरू देऊ नकोस. दिवा चुकीचा आहे, आत वायू आहे. पळत जा.”

“पन बाई, गेट सोडायला मनाई हाय. म्यानेजर सायेबांनी मागल्या म्हयन्यातच—”

“गहिन्या!” माझा तो आवाज निवृत्तीनंतर मी कधी काढला नव्हता. मनवा दचकून मागे सरली. “चौथीत तू पायरीवर बसून राहायचास तेव्हा मी काय म्हणत असे?”

“ऊठ म्हनायचा, बाई.”

“मग ऊठ!”

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. “मोबाईल आत न्हेता येत न्हाई बाई, हितं टेबलावर ठिवतो, बंद करू नगा—” आणि त्याची पावले खडीवरून धावत दूर गेली.

मग काहीच ऐकू येईना.

मनवाने मोबाईलचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर पोह्यांच्या ताटल्यांमध्ये ठेवला. आम्ही दोघी त्याच्यावर वाकलो. फाटकापासून ती टाकी किती लांब आहे ते मला माहीत होते. उद्घाटनाला मी चालत गेले होते. माझ्या चालीने आठ मिनिटे. गहिनीनाथचे वय पंचेचाळीस, पोट सुटलेले. धावत तीन. शिडी चढायला एक. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी शौनकला मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा पाहिला, पाय आत टाकलेला.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. एक कुत्रा भुंकला. मग कुठलासा टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. एकदा, दोनदा, मग सलग. “ओ वॉचमन! मेला का काय रं?” कोणीतरी ओरडले. मनवाने डोळे मिटून घेतले.

दारावरची घंटा वाजली. शेजारची अश्विनी रिकामी वाटी घेऊन आत आली. “काकू, जरा विरजण—” मी बोट वर केले. ती आमच्याकडे, टेबलावरच्या मोबाईलकडे पाहत तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

दहाला नऊ मिनिटे. दहाला सात.

“आई, काहीच ऐकू येत नाही,” मनवा कुजबुजली.

म्हणजे सगळे ठीक असेल, वाईट बातमी लपत नाही, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते शब्द मी तसेच गिळले. आयुष्यात मी पुष्कळांना धीर दिला आहे; पण त्या क्षणी मला स्वच्छ दिसले की रिकाम्या जागेत शून्य मांडायला मीही निघाले होते.

“हो,” मी म्हणाले. “काहीच ऐकू येत नाही.”

मनवाने माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. माझा कसा होता ते मला कळत नव्हते. ताटलीतला चमचा मी उगाचच उचलून बाजूला ठेवला.

“मीच लिहिलंय ते,” ती म्हणाली. “एक ओळ लिहायची होती. उत्तर नसेल तर लाल.”

“आता नाही,” मी म्हणाले. “आता फक्त ऐक.”

टेम्पोवाला कंटाळून हॉर्न वाजवायचा थांबला. पुन्हा वारा. दहा वाजले. दहा वाजून दोन मिनिटे झाली. मोबाईलचा पडदा काळा झाला आणि मनवाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिने बोट लावले तसा तो उजळला. संपर्क चालू होता.

मग खडीवर पावले वाजली. धावणारी नव्हती. चालणारी.

कोणीतरी मोबाईल उचलला. श्वास. नुसता श्वास, धापा टाकणारा.

“गहिनीनाथ,” मी म्हणाले, “बोल.”

“बाई... काढलं. वर काढलं सायबांना.”

“उतरला होता?”

“उतरल्तं बाई. मी पोचलो तवा टोळीवाले वढीतच हुते. त्यांच्या मुकादम राहीबाईनी आदीच दोरी वढायला लावल्ती.”

“श्वास आहे?”

“हाय. हाय बाई. पन डोळं उघडीत न्हाईत. जिपात घालून श्रीगोंद्याला न्हेलं आत्ता.”

मी दवाखान्याचे नाव विचारून घेतले. मनवा मोबाईलवर वाकली.

“गहिनीनाथमामा, मी मनवा. दिवा कोणता होता?”

“हिरवा, ताई,” तो म्हणाला. मग जणू आपलाच काही अपराध आहे अशा आवाजात म्हणाला, “आजून बी हिरवाच हाय.”

अश्विनीने वाटी ओट्यावर ठेवली आणि गाडीच्या किल्ल्या आणायला गेली. तिला कोणी सांगितले नव्हते.

श्रीगोंद्याच्या वाटेवर मनवा पुढच्या आसनावर बसली होती. मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. तिने कंपनीच्या राधाकृष्ण सरांना फोन लावला आणि जे झाले ते अनुक्रमाने सांगितले, एकही शब्द न गाळता. मोबाईलचा आवाज अजून मोठाच होता; त्यांचे बोलणे मला मागे ऐकू येत होते.

“सर, आणखी तीन ठिकाणी हाच दिवा आहे,” मनवा म्हणाली. “आत्ता बंद करायला सांगते.”

“आधी तू शौनककडे बघ,” सर म्हणाले. माणूस वाईट नाही, घाबरला होता. “बाकीच्यांना मी कळवतो. देखभालीसाठी सध्या बंद आहे, एवढंच म्हणू. उगाच—”

“देखभाल म्हटलं की ते उद्यावर ढकलतील, सर. आज कोणी उतरलं तर?”

“मनवा, तुझं नाव खराब होईल.”

“होऊ द्या,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या अर्ध्या तासात तिने तिन्ही ठिकाणी स्वतः फोन केले. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: “मी तुमच्या दिव्याचा प्रोग्रॅम लिहिला. माझी चूक झाली आहे. दिवा हिरवा असला तरी आत विष असू शकतं. कोणालाही उतरवू नका, दिव्यावर कापड टाका.” पहिल्या दोघांनी लगेच ऐकले. तिसरा हसला. गाडीतल्या आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा हसला. “आवो ताई, आमचा दिवा तर छान हिरवा हाय. कालपासनं शून्य!”

अश्विनीने गाडीचा वेग कमी केला. मनवाने मोबाईल कानाशी अधिक घट्ट धरला.

“माझा नवरा आज हिरव्या दिव्यावर उतरला,” ती म्हणाली. “मी आत्ता दवाखान्यात चालले आहे. तुमच्या टाकीत आत्ता कोणी आहे का?”

तिकडे तो कोणाला तरी हाक मारून विचारू लागला. त्या वेळात मांडवगणचा फाटा मागे पडला. “न्हाई,” तो माणूस म्हणाला, “जेवून उतरनार हुते. सांगतो त्यांना.” आता तो हसत नव्हता. ‘झाकण बंद केल्याचा फोटो पाठवा,’ असे मनवाने त्याला बजावले आणि तो फोटो येईपर्यंत तिने मोबाईल खाली ठेवला नाही.

दवाखान्यात शौनक नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावून पडला होता. त्याचे ओठ निळसर होते. डॉक्टर तरुण होते, मोजके बोलले. वेळेत बाहेर काढले म्हणून जिवंत आहे. फुप्फुसांवर परिणाम झाला आहे. चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मनवाने त्याच्या मुठीत आपले बोट ठेवले. मूठ मिटली नाही. तिने बोट तिथेच ठेवले. मग परिचारिकेने तिला बाहेर बसायला सांगितले.

बाहेरच्या बाकावर एक पन्नाशीची बाई बसली होती. पायांना गाळ वाळलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही तळहात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. टोळीची मुकादम राहीबाई. ओल्या दोरीने तिचे हात सोलून निघाले होते. मला पाहून ती उठू लागली.

“बसा,” मी म्हणाले. “तुम्हाला कसे कळले?”

“कळलं न्हाई बाई. आमची पद्दत हाय. हिरीतला गाळ काढाया आमी लहानपनापासनं उतरतो. खाली उतरल्यानं धा दमाला एक हिसका द्यायचा दोरीला. वर बसल्यानं मोजायचं. हिसका आला न्हाई की इचारायचं न्हाई, हाका मारायच्या न्हाईत, वढायचं. सायेब म्हनले, ‘राहीबाई, दोरी कशाला, दिवा हाय की.’ मी म्हनलं, ‘दिवा तुमचा, दोरी माजी. बांदत असाल तर उतरा, न्हाईतर माजं एक बी मानूस खाली जायाचं न्हाई.’ हसले आन् बांदून घेतली.” तिने पट्टीतल्या हातांकडे पाहिले. “दोन हिसकं आले. तिसरा आला न्हाई.”

मनवा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तो दिवा मी केला होता,” ती म्हणाली.

राहीबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. ती काय म्हणेल ते म्हणो, मी मध्ये पडणार नव्हते.

“सायबांची मंडळी का तू?”

“हो.”

“मंग आता काय करतीस?”

“नवा करायचा आहे. यंत्र गप्प बसलं तर काय, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आणखी काय काय शिकवायचं राहिलंय ते मला माहीत नाही.” मनवा बाकावर तिच्याशेजारी बसली. “तुम्ही सांगाल का? खाली काय काय चुकतं?”

“लई चुकतं.”

“सगळं सांगा.”

औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. मनवाने पिशवीतून पेन काढले. राहीबाई आधी अवघडली, मग बोलू लागली. दोरी शिडीला अडकते आणि शिडीच हिसके देते, वरच्याला वाटते माणूस देतो आहे. वर मोजणारा बोलण्यात गुंततो. दोन माणसे उतरली की कोणाचा हिसका कोणाचा ते कळत नाही. गाळ ढवळला की वायू नंतर सुटतो, आधी काही नसते. मनवा प्रत्येक गोष्ट लिहून घेत होती, अडले तिथे पुन्हा विचारत होती.

“आन् यक,” राहीबाई म्हणाली. तिचा आवाज उतरला. “मानूस खोटं बी बोलतो. माजा दीर हिरीत उतरल्ता. वरनं इचारलं, ‘बरा हाईस का?’ तर ‘बरा हाय, बरा हाय’ म्हनत ऱ्हायला. शेवटच्या घटकेपत्तर बरा हाय म्हनला. लाजंपायी.”

मनवाचे पेन थांबले. तिने ते शब्द जसेच्या तसे लिहिले.

दवाखान्याच्या माणसाने चहा आणला. राहीबाईने पट्ट्यांतले दोन्ही हात पुढे केले, पण कप धरता येईना. तिने ते मागे घेतले आणि “ऱ्हाऊ द्या, मला काय चहाची सवय न्हाई,” असे म्हणाली. ते खरे नव्हते हे तिच्या डोळ्यांत दिसत होते.

मी कप तिच्या पुढून उचलला. चहा बशीत ओतला, फुंकर मारून निववला आणि बशी तिच्या ओठांशी नेली. असे मी माझ्या मुलालाही कधी पाजले नव्हते. माझ्या घरात मुले आपापला पेला आपण धरीत. राहीबाई क्षणभर संकोचली आणि मग तिने ओठ लावले.

शेजारी मनवा पुन्हा लिहू लागली होती. आतल्या खोलीचे दार बंद होते. बशी हलू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली, तरी तिच्यातला चहा कडेपर्यंत येऊन परत जात होता. राहीबाईने ते पाहिले. तिने आपला पट्टी बांधलेला हात उचलला आणि खालून बशीला टेकू दिला.